गुडघा लावून बांधलेला पटका

...आणि वर मलाच विचारतात, मायाप्पा, एवढं दुखत होतं तर बोलला का नाहीस? आता काय सांगायचं, तुम्हीच बोला. जीभ तोंडात ओल्या लोकरीच्या गोळ्यासारखी पडलेली, उजवा हात मांडीवर कुणीतरी विसरून गेल्यासारखा, तोंडाचा उजवा कोपरा खाली लोंबलेला, अशा माणसानं बोलायचं कशानं, कानानं? बरं, बोललो असतो तरी उपयोग काय? डोकं माझं, दुखणं माझं. पण मला विचारतंय कोण?

तुम्हाला सांगतो, इंग्रजांनी लावलेला तो मार्शल लॉ उठून दोनेक सालं झाली असतील. पौषाचा महिना, सोलापूरच्या बाहेर मोहोळच्या रस्त्याला आमची वस्ती, सकाळी मेंढरं सोडायला वाघूर, म्हणजे मेंढरांभोवतीची जाळी, उचलली आणि उचलली तशी हातातनं गळाली. मग हात गळाला, मग पाय गळाला, मग मी. उजव्या अंगावरनं वारं गेलं. आता ते दुखणं मोठं, कबूल आहे, पण त्याबद्दल माझी तक्रार नाही. आमची केराबाई, म्हणजे माझी कारभारीण, तिनं मला सोडलं नाही. बाभळीपासनं दाराच्या चौकटीपर्यंत तिनं दोरखंड बांधला, आणि रोज सकाळ-संध्याकाळ मला त्या दोरखंडाला धरून चालवायची, नवं कोकरू चालवतात तसं. "अवो, पाय उचला. घासू नगा. घासायला पाय हाय का नांगर?" असं म्हणत म्हणत तिनं महिन्याभरात मला बाभळीपर्यंत नेलं. बाभळीपर्यंत गेलो आणि वाटलं, चला, सुटलो. आणि तिथंच डोकं उठलं.

डोकं उठलं म्हणजे कसं? मानेच्या खळगीतनं निघायचं, कानामागनं वर चढायचं आणि उजव्या डोळ्याच्या मागं खुंटी ठोकत बसायचं. ठक, ठक, ठक. तेवढ्यावर भागलं असतं तर मी काही म्हणालो नसतो, पण डावा जबडासुद्धा. म्हणजे गेलेली बाजू उजवी, आणि दुखतंय डावंसुद्धा, जे चांगलं राहिलेलं ते. आता हे कुठल्या न्यायात बसतं? गिरणीचा भोंगा झाला की त्या भोंग्याबरोबर कवटीच्या आत भांडी पडायची. चालायला उठलो की डोळ्यापुढं काजवे. मग मी खाली बसायचो, आणि मी बसलो की केराबाई वस्तीभर ऐकू जाईल असं म्हणायची, "आज बी न्हाय चालले. बाभळीपतुर बी न्हाय." आता सांगा, मला काय हौस होती बसायची?

आणि मग आले सगळे शहाणे. पहिला आला केराबाईचा धाकटा भाऊ, कोंडीबा. आता कोंडीबा वाईट माणूस नाही. लोकरीच्या व्यापाऱ्याकडं गठ्ठे बांधायला असतो, नि असा गठ्ठा बांधतो की रेल्वेतनं पडला तरी सुटायचा नाही. लोकर पसरायची, कापड ओढायचं, वर गुडघा लावायचा आणि 'हूं' करून आवळायचं. त्या गुडघ्याला अख्ख्या बाजारात तोड नाही. तर त्यानं माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाला, "आक्का, दाजीच्या डोस्क्यात वारं शिरतंय. कान उगडं हायती. पटका ढिला हाय, वारं न्हाय शिरणार तर काय व्हईल? उद्यापासनं म्या बांदतो."

आणि तुम्हाला सांगतो, दुसऱ्या दिवशी सकाळी भोंग्याला कोंडीबा हजर. वीस हाताचा पटका. माझ्या डोक्याला पहिला वेढा, कानावरनं, दुसरा वेढा, भुवईवरनं, तिसरा, हनुवटीखालनं वर, तोंड वाकडं होऊ नये म्हणून, आणि मग... मग त्यानं माझ्या पाठीला गुडघा लावला. 'हूं.' अहो, मी काय लोकर आहे? माझ्या डोळ्यांतनं पाणी आलं. तर म्हणतो कसा, "बगा, डोळ्यातनं पानी निगालं. वारं भायेर पडाय लागलं."

आता मी काय करणार? एक हात चांगला होता. तो मी वर नेला, पटक्याखाली बोट घालून जरा सैल करावा म्हणून. तशी केराबाई ओरडली, "कोंडीबा, डोक्याला हात लावत्यात बग. लई दुखतंय वाटतं." आणि कोंडीबा म्हणाला, "व्हय व्हय, आवळतो अजून." म्हणजे मी जितका सोडवायला जावं तितका त्यानं आवळावा. चार दिवसांनी मी हातच वर नेणं सोडलं, तर वस्तीत बातमी गेली, मायाप्पाचं डोकं बरं हाय, आता हात लावत न्हाय. डोकं माझं, पण मला विचारतंय कोण?

दुसऱ्या आल्या सुंदरम्मा. आमच्या शेजारच्या, लिंगायताच्या, तेलाचा घाणा त्यांचा, अक्कलकोटाकडच्या. जीव लावणारी बाई, खोटं बोलणार नाही. पण औषधं सांगायचा नाद. आल्या, बसल्या, माझ्या तोंडाकडं पाहिलं आणि म्हणाल्या, "अय्यो शिवने, तोंड किती वाकडा झालाय की हो. केराबाई, जायफळ आणा. जायफळ गालात धरून ठिवायचा, सकाळधरून रातीपर्यंत. चावायचा नाही, टाकायचा नाही, नुसता दातात धरायचा. आमच्या मावशीच्या नवऱ्याचा तोंड असाच सरळ झाला."

आता मावशीच्या नवऱ्याचं तोंड सरळ झालं का तो बिचारा सरळ होऊन वर गेला ते काही त्यांनी सांगितलं नाही. पण जायफळ आलं. डाव्या दाढेत धरायचं, कारण उजवीकडं धरलं तर गालातनं कधी निसटेल पत्ता नाही. वरनं पटक्यानं हनुवटी बांधलेली, आत सुपारीएवढं जायफळ, मग तो जबडा दिवसभर कुठं ठेवायचा? खुंटीवर? संध्याकाळी जायफळ काढलं की दात दातावर टेकायचा नाही. भाकरीचा तुकडा तोंडात घातला की कानापर्यंत कळ. मग मी तोंड फिरवायचो. तर सुंदरम्मा म्हणायच्या, "अन्न नको म्हणतोय, डोक्याचा तलेनोवू वाढला की काय? थांबा, सुंठ वेखंड उगाळून आणते." मग तो लेप. पटक्याच्या खाली लेप, लेपाच्या खाली मी. दुपारी लेप वाळायचा आणि कपाळावर तळ्यातल्या चिखलासारखा तडकायचा. हसायचं म्हटलं तरी कपाळ ओढायचं. बरं, हसायला होतं काय?

आणि सगळे विचारायचे कुणाला? केराबाईला. माझ्यासमोर बसून. "केराबाई, डोकं कसं हाय त्येंचं?" केराबाई म्हणायची, "कपाळ दुखतंय." दुखत होती मान. "केराबाई, कधी दुखतंय?" "सांच्याला." दुखायचं सकाळी, कोंडीबा गेल्यावर. मी आपला तिकडून इकडं बघतोय, दोन माणसं माझ्या डोक्याबद्दल बोलतायत, आणि मी मधे, बाजारात दात बघून भाव करतात त्या मेंढरासारखा.

मग फाल्गुन सरला, पाडवा झाला, डोकं तसंच, आणि एक दिवस कोंडीबा माझ्यापुढं उकिडवा बसला, माझ्या कानशिलाला बोट लावून बघितलं, असं चाचपलं, आणि म्हणाला, "आक्का, आता एकच विलाज ऱ्हायला. डाग."

तुम्हाला ठाऊक नसेल तर सांगतो. आमच्यात मेंढराला डोकेसुजीचं दुखणं झालं की डागणी तापवतात, लाल करतात आणि कानशिलाला टेकवतात. चर्र. मेंढरू ओरडतं, आणि एकतर बरं होतं नाहीतर बरं व्हायचा प्रश्न राहत नाही. तेच माणसाला. कोंडीबानं दिवस ठरवला. चैताची अमावस्या. दोन्ही कानशिलांना एकेक आणि मानेच्या खळगीत एक, असे तीन. बोटानं खुणासुद्धा करून दाखवल्या. मी डाव्या हातानं त्याचं बोट धरलं, जोरात, असा नाही नाही म्हणून. तर डोळे पुसत म्हणतो, "दाजी माजा हात धरत्यात. भरवसा हाय त्येंचा माज्यावर."

भरवसा. माणूस मरणाला भिऊ नये म्हणतात, मी भीतही नव्हतो. पण आयुष्यभर ज्या डागणीनं मी मेंढरं डागली ती माझ्या डोळ्यापुढं यायची, आणि त्या मेंढरांचे डोळे यायचे. तुम्हाला सांगतो, त्या दिवसांत मी मनातल्या मनात एकेका मेंढराची माफी मागितली.

केराबाईला काय वाटलं कोण जाणे, पण ती सुंदरम्मांना म्हणाली, "डाग द्यायच्या आदी एकदा डाक्टरला दावू." सुंदरम्मांच्या नात्यातला एक नवा डॉक्टर नव्या पेठेत बसायला लागला होता, पंचाक्षरी म्हणून. तरणाताठा, चष्मेवाला. मग टांगा केला. टांग्यात मी, केराबाई, सुंदरम्मा, आणि टांग्यामागनं पळत कोंडीबा, कारण त्याला वाटलं डॉक्टर पटका सोडेल आणि परत बांधायला येणार कुणाला?

डॉक्टरनं मला खुर्चीत बसवलं आणि विचारलं, "कुठं दुखतं?" लगेच केराबाई, "कपाळ." सुंदरम्मा, "अर्धा डोका." कोंडीबा, "डोस्क्यात वारं हाय." डॉक्टरनं चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि म्हणाला, "बाई, डोकं तुमचं दुखतंय का यांचं?"

अहो, तीन महिन्यांत पहिला माणूस. मला वाटलं उठून त्याच्या पाया पडावं, पण उठता येत नव्हतं.

त्यानं आपलं बोट माझ्या डाव्या हातात दिलं आणि म्हणाला, "बाबा, हो असेल तर एकदा दाबा, नाही असेल तर दोनदा. घाई नाही." आणि खरंच घाई नाही. तो विचारायचा आणि थांबायचा. केराबाईनं तोंड उघडलं की तिच्याकडं नुसतं बघायचा. कपाळ का? दोनदा. मान का? एकदा. संध्याकाळी का? दोनदा. सकाळी का? एकदा. पटका बांधल्यावर का? तुम्हाला सांगतो, मी त्याचं बोट असं दाबलं की डॉक्टर खुर्चीतनं अर्धा उठला.

मग त्यानं पटका सोडला. सोडता सोडता बिचारा दमला, एक टोक धरून खोलीभर फिरला. शेवटचा वेढा निघाला आणि माझ्या तोंडातनं असा आवाज निघाला की दारातला टांग्याचा घोडासुद्धा मान वर करून बघायला लागला. कपाळावर वळ, सूप उमटल्यासारखे. मग डॉक्टर म्हणाला तोंड उघडा. उघडलं. जायफळ टपकन फरशीवर.

डॉक्टर जायफळाकडं बघतोय, जायफळ डॉक्टरकडं. "हे किती दिवस तोंडात आहे?"

"दीड म्हैना," केराबाई म्हणाली.

"एकच?"

"न्हाय की. रोज नवं."

"आणि जुनं?"

"जुनं वाया कशाला घालवायचं? होळीच्या पुरणात घातलं."

सुंदरम्मांच्या घरी आमच्याकडनं दहा पोळ्या गेल्या होत्या. त्यांनी तोंडाला पदर लावला आणि परत घरी येईपर्यंत काढला नाही.

डॉक्टरनं सगळं नीट समजावलं. म्हणाला, अशा दुखण्यातनं उठणाऱ्या माणसाची मान आणि जबडा आधीच ओढलेला असतो, दोन बाजूंचं काम एक बाजू करते, त्यात तुम्ही त्याला आवळता. आठ दिवस डोकं मोकळं ठेवा. जायफळ बंद. भाकरी दुधात कुस्करून द्या. उशाला घोंगडीची एवढी मोठी वळकटी नको, एक घडी पुरे. मानेला गरम मिठाची पुरचुंडी फिरवा, हळू. चालणं बंद करू नका, कमी करा. दुखायच्या आधी बसा, दुखल्यावर नाही. आणि मला म्हणाला, "दुखलं की काहीतरी खूण करा, किती वेळा दुखलं ते मला कळेल असं." मी धनगर. खूण म्हणजे दोरा. काळ्या लोकरीचा दोरा उजव्या हाताखाली दाबून धरायचा, डाव्या हातानं गाठ मारायची. दुखलं की गाठ. पहिल्या दिवशी अकरा गाठी झाल्या, पण त्या अकरात माझा उजवा अंगठा दोनदा हलला.

कोंडीबानं मात्र डॉक्टरसमोरच सांगितलं, "आठ दिस बगू. आटव्या दिशी अमावस्या हाय. न्हाय थांबलं तर डाग."

म्हणजे आता माझं सगळं त्या आठ दिवसांवर. डोकं मोकळं ठेवायचं आणि बरं व्हायचं. सोपं वाटतं ना? पण तुम्ही विसरलात. मी धनगर, वयानं मोठा, घरचा कर्ता. आमच्यात असा माणूस दारात बोडका बसला म्हणजे त्याचा अर्थ काय? घरात कुणीतरी गेलं.

पहिल्या दोन दिवसांत वस्तीतले येऊन गेले, त्यांना केराबाईनं समजावलं. पण मोहोळच्या बाजाराला जाणाऱ्या एका माणसानं रस्त्यावरनं मला पाहिलं. मायाप्पा बोडका बसलाय. त्यानं मोहोळला जाऊन केराबाईच्या बहिणीला, बनाबाईला सांगितलं. बनाबाईनं विचार केला, दाजी बोडके, म्हणजे दाजी जिवंत. मग गेलं कोण? आक्का.

पाचव्या दिवशी, गाठी अकरावरनं चारवर आलेल्या, मी लिंबाच्या सावलीत जरा सुखानं बसलेलो, तोवर रस्त्याच्या वळणावरनं गळा काढलेला ऐकू आला. बनाबाई, तिच्या मागं तिच्या घरच्या सहा बाया, डोक्यावर भाकरीच्या पाट्या, कारण दुखवट्याच्या घरी चूल पेटत नाही. केराबाई गोठ्यातनं शेणाच्या हातानं बाहेर आली. तिनं बघितलं, बहीण रडत येतेय. तिला वाटलं मोहोळात कुणीतरी गेलं. विचारायचं का आधी? नाही. तिनंही गळा काढला. दोघी बहिणी धावल्या, एकमेकींच्या गळ्यात पडल्या, आणि बनाबाई डोळे गच्च मिटून केराबाईच्याच खांद्यावर डोकं ठेवून रडतेय, "माजी आक्का गेली गं... माज्या आक्काला येकदा तरी बगायचं हुतं गं..." आणि केराबाई तिच्या पाठीवरनं शेणाचा हात फिरवत म्हणतेय, "गप गं बाई, गप. कवा गेली? कशानं गेली?"

मी बघतोय. सगळं मला कळतंय, एकट्याला. सांगायचं आहे, जीभ उठत नाही. उठली नाही जीभ, पण पोटातनं हसू उठलं. आणि तुम्हाला सांगतो, ते हसू डाव्या गालावर आलं आणि तिथं थांबलं नाही, उजव्या गालावर गेलं. तो मेलेला कोपरा थरथरला आणि वर गेला. बनाबाईनं डोळे उघडले, आधी बहीण पाहिली, मग हसणारा मी. मग तिनं आक्काला असा एक रट्टा दिला, "जित्ती हायस व्हय? मग रडत हुतीस कुणाला?"

"तुज्या घरचं कोण गेलं म्हनून रडले की मी."

भाकरी आणलेल्याच होत्या, सगळ्या जेवल्या आणि राहिल्या. अमावस्येपर्यंत राहिल्या, कारण कोंडीबानं त्यांना सांगितलं, डाग आहे, बघून जा.

आठवा दिवस. दोऱ्यावर सकाळपासनं एक गाठ, तीही भोंग्याची. मी दोरा कोंडीबापुढं धरला. त्यानं बोटांत घेऊन बघितला, जाणत्या माणसासारखा. "गाठी कमी म्हंजी लोकर चांगली, दाजी. डोस्कं न्हवं." अंगणात गवऱ्यांची आर पेटवली. डागणी आत खुपसली. वस्ती जमली, मोहोळच्या बाया जमल्या, सुंदरम्मा भिंतीआड उभ्या. डागणी काळी होती ती तांबडी झाली, तांबड्याची पिवळी झाली. कोंडीबानं फडक्यात धरून ती बाहेर काढली आणि म्हणाला, "दोगं धरा त्येंला." दोघांनी माझे खांदे धरले. धग लागेल इतकी जवळ आली.

तेवढ्यात केराबाई मधे आली. भावाला म्हणाली, "थांब." माझ्यापुढं खाली बसली. आणि मग तिनं, लग्नाला चाळीस सालं झाली आमच्या, माझ्याकडं बघून मला विचारलं, "अवो, दुखतंय का?"

आणि थांबली. कुणी मधेच बोललं तर हात वर करायची. मी जीभ गोळा केली. खालनं वर ढकलली, टाळूला लावली, निसटली, परत लावली. सगळी वस्ती माझ्या तोंडाकडं. डागणी हळूहळू काळी पडायला लागली. आणि मग निघालं.

"न्हाय."

सरळ, स्वच्छ. पौषापासनं पहिला शब्द. केराबाईनं पदर तोंडात कोंबला. माझे खांदे सुटले. आणि कोंडीबा? कोंडीबानं डागणी उंच धरली आणि सगळ्या वस्तीला सांगितलं, "बगितलं का? लावली बी न्हाय. नुसती दावली, तवर दुखनं पळालं."

आता बोला. तेव्हापासनं कुणाचं डोकं दुखलं की कोंडीबाला बोलावणं. मोहोळापासनं माणसं येतात. तो आर पेटवतो, डागणी तापवतो, हातभर लांब धरून दाखवतो, आणि मला शेजारी बसवून विचारतो, "व्हय का न्हाय, दाजी?" आता मला बोलता येतं, तुम्ही ऐकताच आहात. पण ही जीभ अजून सावकाश आहे. मी 'अरे, पटका...' म्हणेपर्यंत तो पुढच्या डोक्यावर गेलेला असतो. पहिल्यांदा मी चिडायचो. मग बसल्या बसल्या विचार केला, जोवर हा डागणी नुसती दाखवतोय, तोवर कुणाला लावत तर नाही.

म्हणून तो विचारतो तेव्हा मी आपली मान हलवतो. व्हय म्हणून. आता हलवली तरी दुखत नाही.